सिंफनी फुकट, मग तिच्या नोट्सना पैसे का?

दर वर्षी १ जानेवारीला एक यादी फिरते: अमुक तमुक कलाकृतींवरचा हक्क (कॉपीराइट) संपला, त्या आजपासून सगळ्यांच्या झाल्या. २०२५ च्या यादीत, अमेरिकेपुरतं, फ्रेंच संगीतकार मोरिस रावेलच्या ‘बोलेरो’चं नाव होतं. त्याआधी सहा महिने, जून २०२४ मध्ये, फ्रान्समधल्या नान्तेर इथल्या न्यायालयानं याच रचनेवरचा हक्क २०३९ पर्यंत लांबवण्याची मागणी फेटाळली होती. रावेल १९३७ मध्ये गेला. पण पहिल्या बॅले प्रयोगाचा नेपथ्यकार अलेक्झांडर बेन्वा यालाही सहकर्ता मानावं, आणि तो १९६० मध्ये वारला असल्यानं मुदत तिथून मोजावी, असा तो दावा होता. न्यायालयाला तो पटला नाही.

अशा बातम्या वाचल्या की वाटतं, झालं, आता कुणीही उतरवून घ्यावं आणि वाजवावं. प्रत्यक्षात एखादा हौशी वाद्यवृंद नोट्स शोधायला निघाला की त्याच्यासमोर येतं ते असं: स्कोअर (सगळ्या वाद्यांची एकत्रित प्रत) विकत मिळेल, पार्ट (एकेका वाद्याचे कागद) फक्त भाड्यानं. बेथोव्हनला जाऊन २०२७ मध्ये २०० वर्षं होतील, तरी त्याच्या एखाद्या सिंफनीचा, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनेचा, चांगला संच घ्यायचा तर खिसा बऱ्यापैकी हलका होतो. ही लूट आहे का? काही ठिकाणी थोडी आहे, असं माझं मत. पण बराचसा पैसा खऱ्या कामाचा असतो, आणि ते काम कुठलं हे कळायला आधी हे कागद असतात कसे ते पाहावं लागतं.

एक रचना, पण पुस्तक एक नाही

कादंबरी म्हणजे एक पुस्तक. सिंफनीचं तसं नाही. तिचे दोन प्रकारचे कागद असतात. कंडक्टरसमोर असतो तो स्कोअर. त्यात सगळी वाद्यं एकाखाली एक ओळींत मांडलेली असतात आणि एका उभ्या रेषेत जे काही दिसतं ते एकाच क्षणी वाजतं. वरती बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बसून ही फुंकवाद्यं, मग हॉर्न, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन ही पितळी वाद्यं, त्याखाली तालवाद्यं, आणि तळाशी व्हायोलिनपासून डबल बासपर्यंतची तंतुवाद्यं. वादकासमोर असतो तो पार्ट. त्यात फक्त त्याच्या वाद्याची ओळ. शेजारचा काय वाजवतोय याचा त्यात सहसा पत्ताच नसतो.

बेथोव्हनची पाचवी सिंफनी घेऊ. फुंकवाद्यं, पितळी वाद्यं आणि टिंपनी (मोठे नगारे) मिळून १८ वादक, आणि या प्रत्येकाला स्वतंत्र पार्ट. तंतुवाद्यांचे पार्ट पाचच प्रकारचे, पण तिथे दोन वादक एका स्टँडवर बसतात, म्हणून प्रती जास्त लागतात. मोठ्या वाद्यवृंदात ६० तंतुवादक धरले तर ३० प्रती. म्हणजे एका सिंफनीसाठी ४८ पार्ट, वर कंडक्टरचा स्कोअर. ज्या एका वहीत अख्खी सिंफनी आहे ती वापरणारा माणूस स्वतः एकही स्वर काढत नाही, आणि जे स्वर काढतात त्यांच्यापैकी कुणाकडेच अख्खी सिंफनी नाही.

मग सगळ्यांना स्कोअरच का देत नाहीत?

हा प्रश्न हटकून येतो. उत्तर वेगात आहे. नोटेशनमध्ये उभ्या रेघांनी पाडलेल्या कप्प्याला बार म्हणतात. पाचव्या सिंफनीच्या पहिल्या भागात असे ५०२ बार आहेत आणि बेथोव्हननं दिलेला वेग मिनिटाला १०८ बारचा आहे. स्कोअरच्या एका पानावर, सगळी वाद्यं वाजत असताना, समजा नऊ बार मावले. म्हणजे दर पाच सेकंदांना पान उलटायचं. कंडक्टरचा हात त्यासाठी मोकळा होऊ शकतो. व्हायोलिन वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले.

म्हणून पार्ट छापणं हे नुसतं एक ओळ कापून चिकटवण्याचं काम नाही. पान कुठे संपवायचं हे ठरवावं लागतं. वादकाला तीन-चार बारची विश्रांती जिथे असेल तिथेच उजवं पान संपलं पाहिजे. तंतुवाद्यांत एका स्टँडवर दोघं असल्यानं आतल्या बाजूचा वादक क्षणभर थांबून पान उलटतो, बाहेरचा वाजवत राहतो. फुंकवाद्यांना ही चैन नाही. एखादं पान चुकीच्या जागी संपलं तर वादक त्याची झेरॉक्स काढून चिकटवतात, घड्या घालतात, शिव्या घालतात.

दुसरी अडचण थांबण्याची. या सिंफनीत तिन्ही ट्रॉम्बोन पहिले तीन भाग गप्प बसतात आणि थेट चौथ्या भागात उठतात. द्वोर्झाकच्या १८९३ च्या ‘न्यू वर्ल्ड’ सिंफनीत झांजेचा एकच आघात आहे, तोही हलका, शेवटच्या भागात. अशा वादकाच्या पार्टात आडवी जाड रेघ आणि वर एक आकडा असतो: इतके बार मोजा. मोजता मोजता माणूस चुकतो. म्हणून चांगल्या पार्टात त्याच्या प्रवेशाआधी दुसऱ्या वाद्याची ओळखू येणारी ओळ बारीक अक्षरात दिलेली असते. तिला क्यू म्हणतात. ती कुठल्या वाद्याची द्यायची? छापणाऱ्याला कागदावर जी ठळक दिसते तिची नव्हे, त्या वादकाच्या खुर्चीवर जी खरोखर ऐकू येते तिची. हे तबकडी ऐकून कळत नाही. तालमीला बसलेल्या माणसालाच कळतं.

कागदावर एक स्वर, कानाला दुसरा

स्कोअर पहिल्यांदा पाहणारा माणूस इथे हमखास गोंधळतो. बासरी आणि क्लॅरिनेट एकच धून वाजवतायत हे ऐकू येतं, पण दोघांच्या ओळी वेगळ्या दिसतात. छपाईची चूक नाही ती. काही वाद्यांचे स्वर मुद्दाम सरकवून लिहिलेले असतात.

हार्मोनियम पाहिलेल्याला हे चटकन कळेल. सगळे गायक ‘सा’ म्हणतात, पण एकाचा सा काळी पाचवर असतो, दुसऱ्याचा पांढरी चारवर. पेटीवाला पट्टी सांभाळून घेतो. नेहमीच्या क्लॅरिनेटची पट्टी काळी पाच आहे असं समजा. त्याच्या पार्टात पांढरी एक लिहिली तर कानावर त्याखालची काळी पाच पडते. हॉर्नला तीच पांढरी एक लिहिली तर पांढरी चार ऐकू येते, आल्टो सॅक्सोफोनला काळी दोन. दोन्ही लिहिल्यापेक्षा खाली. डबल बास तर लिहिल्यापेक्षा अख्खं सप्तक खाली वाजतो, आणि पिकोलो ही छोटी बासरी सप्तकभर वर.

हा उपद्व्याप कशासाठी? वादकाच्या बोटांसाठी. आल्टो, टेनर, बॅरिटोन हे सॅक्सोफोन आकारानं वेगवेगळे, म्हणून त्यांचे स्वर वेगळे. पण लिखाण असं सरकवलं की एका चिन्हाला तिन्हींवर बोटं तीच राहतात. एक शिकला की तिन्ही हाताळता येतात. हॉर्नचं कारण जास्त जुनं आहे. १८१० च्या दशकात झडपा येईपर्यंत हॉर्नवादक रचनेच्या पट्टीनुसार वेगवेगळ्या लांबीची नळी जोडत असे, आणि संगीतकार फक्त ‘अमुक पट्टीचा हॉर्न’ असं लिहून मोकळा होई. नळ्या गेल्या, लिखाण राहिलं. आजचा वादक बेथोव्हनचा जुना पार्ट समोर ठेवून प्रत्येक स्वर मनातल्या मनात सरकवत वाजवतो. काही आवृत्त्या त्याच्यासाठी नव्या पट्टीत लिहिलेला पार्टही सोबत देतात. सराईत वादक मात्र जुनाच मागतात.

सगळं खऱ्या स्वरातच लिहावं, असं म्हणणारेही आहेत. रशियन संगीतकार सर्गेई प्रोकोफिएव्ह आपले स्कोअर तसे लिहीत असे, आणि कंडक्टरला ते वाचायला सोपं जातं यात शंका नाही. पण पार्ट शेवटी वादकाच्या सोयीनंच द्यावे लागतात. एकाच्या सोयीसाठी ऐंशी जणांना त्रास देण्यात अर्थ नाही.

स्कोअरशिवाय सतरा वर्षं

आपल्याला वाटतं मूळ ग्रंथ म्हणजे स्कोअर, आणि पार्ट त्यातून काढलेले उतारे. छपाईच्या इतिहासात बरेचदा उलटं घडलं. सोळाव्या शतकात समूहगायनाच्या वह्या प्रत्येक आवाजासाठी वेगळ्या निघत आणि एकत्रित प्रत सहसा छापलीच जात नसे. बेथोव्हनची पाचवी सिंफनी १८०८ च्या डिसेंबरात व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली, १८०९ मध्ये लाइपझिगच्या ब्राइटकोफ उंड हेर्टेल या प्रकाशकांनी तिचे पार्ट छापले, आणि स्कोअर छापला १८२६ मध्ये. सतरा वर्षं ही सिंफनी छापील स्कोअरशिवाय वाजत होती! समोर उभा राहून काठी हलवणारा कंडक्टर तेव्हा सर्वत्र रुळलेला नव्हता. पहिला व्हायोलिनवादक आपल्या पार्टावरून वाजवत वाजवत बाकीच्यांना सांभाळून नेई.

याचा परिणाम आजही भोगावा लागतो. पार्टातली चूक पकडायला एकत्रित प्रतच समोर नसेल तर ती चूक टिकते. याच सिंफनीच्या तिसऱ्या भागात दोन बार जादा छापले गेले. १८१० मध्ये बेथोव्हननं प्रकाशकाला पत्र लिहून ते काढायला सांगितलं. ते दोन बार तरीही पुढे कित्येक वर्षं छापले आणि वाजवले जात राहिले.

दोनशे वर्षं जुन्या संगीतात नवीन काय छापणार?

हेच. हस्तलिखित, नकलनविसाची प्रत, पहिली छपाई, संगीतकाराची पत्रं, त्यानं स्वतः दुरुस्त केलेले पार्ट असे सगळे पुरावे एकमेकांशी ताडून तयार केलेल्या आवृत्तीला चिकित्सक आवृत्ती म्हणतात. बेथोव्हनच्या नऊही सिंफन्यांची अशी आवृत्ती जोनाथन डेल मार यांनी संपादित केली आणि बेरेनरायटर या प्रकाशनसंस्थेनं ती १९९० च्या दशकात काढायला सुरुवात केली. स्वर बेथोव्हनचे, ते कुणाच्याही मालकीचे नाहीत. पण निवाडा संपादकाचा आहे. जर्मन कायदा अशा अभ्यासपूर्ण आवृत्तीला प्रकाशनापासून २५ वर्षं वेगळं संरक्षण देतो. म्हणून मूळ कृती मोकळी असताना तिच्या एखाद्या छापील पानावर हक्काची खूण असू शकते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या.

संगीतकारांनीही हा दरवाजा ओळखला होता. रशियन संगीतकार स्ट्राविन्स्कीचं ‘पेट्रुश्का’ हे बॅलेचं संगीत १९११ चं. १९४७ मध्ये त्यानं ते लहान वाद्यवृंदासाठी पुन्हा लिहिलं. त्यामागे कलेची कारणं होती, आणि अमेरिकेत नव्यानं हक्क मिळवणं हेही होतं. आज ‘पेट्रुश्का’ मागवताना साल न सांगितल्यास भलताच संच हाती पडतो.

आवृत्त्यांची भेसळ हा तर तालमीतला रोजचा वैताग. तालमीत जागा सांगता यावी म्हणून पानांवर मोठी अक्षरं किंवा आकडे छापलेले असतात. कंडक्टरचा स्कोअर एका प्रकाशकाचा आणि पार्ट दुसऱ्याचे असले, की तो म्हणतो ‘सी’ अक्षरापासून आणि वादक भलतीकडेच सुरू करतात. व्यावसायिक वाद्यवृंदात यासाठी स्वतंत्र ग्रंथपाल असतो. पुस्तकं सांभाळणं हा त्याच्या कामाचा छोटा भाग. अक्षरं जुळवणं, ज्ञात चुका दुरुस्त करणं, आणि प्रत्येक विभागप्रमुखानं ठरवलेल्या गजाच्या दिशा (हा स्वर गज खाली ओढत, हा वर ढकलत) तीसच्या तीस प्रतींवर पेन्सिलीनं उतरवणं, हे खरं काम. एका सिंफनीला कित्येक तास जातात. अशा ग्रंथपालांची आंतरराष्ट्रीय संघटना १९८३ पासून आहे. पार्टाचा कागद केवढा असावा, स्वर ज्या पाच रेघांवर लिहितात त्यांची उंची किती मिलिमीटर असावी याची तिची मार्गदर्शक पत्रकं नवे संगीतकार वाचतात. अर्ध्या प्रकाशात, हातभर अंतरावरून, दोघांना एकाच कागदावर वाचायचं असतं. तिथे मिलिमीटर महत्त्वाचा ठरतो.

विकत का देत नाहीत, भाड्यानंच का?

इथे खरा राग येतो लोकांना. स्कोअर कुणीही विकत घेतं: विद्यार्थी, अभ्यासक, हौशी श्रोते. ४८ पार्टांचा संच घेणारे मात्र मूठभर. त्यातही नव्या किंवा क्वचित वाजणाऱ्या रचनेचे वर्षाकाठी थोडेच प्रयोग होतात. तेवढ्यासाठी शेकडो संच छापून ठेवण्यापेक्षा प्रकाशक थोडे संच ठेवतो आणि फिरवतो. मोठी, अवघड वाद्ययोजना असलेली रचना असेल तर हे वाद्यवृंदाच्याही पथ्यावर पडतं. एकदा वाजवायच्या रचनेचं खोकं कायमचं सांभाळावं लागत नाही.

दुसरं कारण नियंत्रणाचं. संच आपल्याच हातात असला की कोण, कुठे, किती वेळा वाजवतंय हे प्रकाशकाला कळतं आणि हयात संगीतकाराला त्याचा वाटा पोचतो. नव्या संगीतकाराची कमाई बरीचशी यावरच असते. तेव्हा जिवंत माणसाच्या रचनेला भाडं द्यायला कुरकुर करू नये, असं मला वाटतं. मात्र संगीतकार जाऊन मुदतही उलटली, हक्क संपले, तरी स्वच्छ पार्ट दुसरीकडे कुठे नाहीत एवढ्याच बळावर तेच भाडं चालू राहतं, तेव्हा ती अडवणूकच म्हणायची. कायदा त्यात आडवा येत नाही, कारण कागद प्रकाशकाचे आहेत आणि करार तुम्ही सही करून मान्य केलेला असतो.

एक गोष्ट वेगळी ठेवा: नोट्स मिळणं आणि वाजवण्याची परवानगी मिळणं या दोन बाबी आहेत. हक्क शाबूत असलेल्या रचनेचे पार्ट विकत घेतले म्हणजे जाहीर प्रयोगाचा परवाना आपोआप मिळत नाही.

बँडचं जग वेगळं

कॉन्सर्ट बँड म्हणजे फुंकवाद्यं, पितळी वाद्यं आणि तालवाद्यं यांचा मोठा समूह. त्यात व्हायोलिन वगैरे नसतात, आणि व्हायोलिनचं काम बहुतेक क्लॅरिनेट करतात. इथे बाजार पूर्ण उलटा आहे. बँड हजारो, त्यातले बहुतेक शाळा-कॉलेजांचे, आणि म्हणून नोट्स विकल्या जातात, तयार संचात, प्रत्येक पार्टाच्या अनेक प्रतींसह. रचनांना एक ते सहा अशी अवघडपणाची श्रेणी दिलेली असते. कुठल्या शाळेत ओबो नसतो, कुठे बसून. म्हणून त्यांची महत्त्वाची ओळ दुसऱ्या कुणाच्या पार्टात बारीक अक्षरात देऊन ठेवतात. युफोनियम या वाद्याचा एकच पार्ट दोन लिप्यांत मिळतो: एक खालच्या सप्तकांसाठीच्या चिन्हात, दुसरा ट्रम्पेटसारखा सरकवलेला. कारण युफोनियम वाजवणारे पुष्कळदा ट्रम्पेट किंवा कॉर्नेटकडून आलेले असतात.

बँडनं स्कोअरची उपेक्षा मात्र ऑर्केस्ट्रापेक्षा जास्त काळ केली. गुस्ताव होल्स्टचा बँडसाठीचा पहिला ‘सूट’ (छोट्या रचनांची मालिका) १९०९ चा. तो १९२१ मध्ये छापला तेव्हा कंडक्टरला मिळाला तो दोन-चार ओळींत दाबून बसवलेला संक्षिप्त स्कोअर. पूर्ण स्कोअर यायला १९४८ उजाडलं. पर्सी ग्रेंजरच्या १९३७ च्या ‘लिंकनशर पोझी’च्या छापील पार्टांत इतक्या चुका होत्या की कंडक्टर फ्रेडरिक फेनेल यांनी त्या वर्षानुवर्षं निस्तरल्या, आणि दुरुस्त पूर्ण स्कोअर १९८७ मध्ये निघाला. संक्षिप्त स्कोअरवर उभ्या राहिलेल्या कंडक्टरला तिसऱ्या क्लॅरिनेटचा चुकीचा स्वर खटकेल, पण तो वादकाचा की छापणाऱ्याचा हे कळणार नाही.

स्कॅन आणि टॅब्लेटनं हे सगळं सुटलं ना?

बरंचसं सुटलं, खरं आहे. २००६ मध्ये सुरू झालेल्या आयएमएसएलपी या ऑनलाइन संग्रहात हक्क संपलेल्या असंख्य रचनांचे स्कोअर आणि पार्ट फुकट मिळतात. २००७ मध्ये व्हिएन्नाच्या युनिव्हर्सल एडिशन या प्रकाशनसंस्थेच्या कायदेशीर नोटिशीनंतर तो काही महिने बंदही होता. वाद मुदतीचा: संग्रह कॅनडातला, तिथे तेव्हा संगीतकाराच्या मृत्यूनंतर ५० वर्षांनी हक्क संपत, युरोपात ७० वर्षांनी. २००८ मध्ये तो पुन्हा उघडला. म्हणजे ‘फुकट’ हे तुम्ही कुठे बसून उतरवून घेताय यावरही ठरतं.

पण तिथे मिळतात ते प्रामुख्यानं जुन्या छपाईचे स्कॅन. जुन्या चुका, जुनी अक्षरं, गैरसोयीची पानं, सगळं तसंच. दुरुस्त्या तुम्हाला कराव्या लागतात. फुकटातला संच वाजवण्याजोगा करण्याचे तास मोजले तर विकतचा अनेकदा स्वस्त पडतो. टॅब्लेटवर पायानं बटण दाबून पान उलटतं, ही मोठीच सोय. चार वादकांची चतुष्टकं तर आता पार्ट सोडून थेट स्कोअरवरून वाजवू लागली आहेत. साठ तंतुवादकांना टॅब्लेट, पेडल आणि एकमेकांशी जुळलेल्या खुणा पुरवणं अजून सगळ्यांच्या आवाक्यातलं नाही.

आणि संगणकाचं आयुष्य कागदापेक्षा कमी निघालं. १९८८ पासून नोटेशन लिहायला वापरलं जाणारं फिनाले हे सॉफ्टवेअर पुढे चालवणार नाही, असं ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच्या कंपनीनं जाहीर केलं. कित्येक बँड-रचनांच्या मूळ फाइली त्यात आहेत. म्युझिक-एक्सएमएल या सामायिक साच्यातून त्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेता येतात. स्वर नीट येतात, पण पानांची मांडणी विस्कटते. म्हणजे पान कुठे उलटायचं ते परत पहिल्यापासून.

संच मागवताना सूचीतला आकड्यांचा मजकूर कसा वाचायचा?

प्रकाशकाच्या सूचीत ३.२.२.३ – २.२.३.० असं काहीतरी दिसेल. पहिली चौकडी बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बसून. दुसरी हॉर्न, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ट्यूबा. हे आकडे पाचव्या सिंफनीचेच: तिसरी बासरी म्हणजे पिकोलो, तिसरा बसून म्हणजे काँट्राबसून, ट्यूबा नाही. पुढे तालवाद्यं आणि तंतुवाद्यं. तंतुवाद्यांच्या प्रती किती हे वेगळं सांगावं लागतं, आणि आकडा वादकांचा की स्टँडचा हे विचारून घ्यावं. नाहीतर निम्मेच कागद येतात. आवृत्ती कुठली, साल कुठलं, स्कोअर आणि पार्ट एकाच प्रकाशकाचे आहेत ना, हे आधी पाहावं. भाड्याच्या संचावर लिहायचं ते मऊ पेन्सिलीनंच, आणि परत पाठवण्याआधी खुणा पुसाव्या लागतील का ते करारात पाहून ठेवावं, कारण काही प्रकाशक न पुसल्याबद्दल वेगळा आकार लावतात.